आधी लेन्सची दुरुस्ती, मग कात्री

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचकांनी काढलेली वाडे, देवळे आणि किल्ल्यांची छायाचित्रे येतात. त्यांतल्या बऱ्याच चित्रांत दोन खोडी पुन्हा पुन्हा दिसतात. चौकटीच्या कडेला आलेली दीपमाळ धनुष्यासारखी बाहेर वाकलेली असते आणि तटाची वरची कड मध्येच फुगते. नाहीतर आकाश मधोमध स्वच्छ निळे आणि चारही कोपऱ्यांत काजळी धरल्यासारखे असते. हल्ली त्यांत तिसरी भर पडली आहे. काही चित्रांत दीपमाळ उलट आतल्या बाजूला वाकते आणि कोपरे मधल्या भागापेक्षा फिकट, राखाडी दिसतात. पहिल्या दोन खोडी लेन्सच्या आहेत, तिसरी दुरुस्ती करणाऱ्याची. "रेघा सरळ दिसेपर्यंत स्लायडर ओढा" हा सल्ला शिकवणी वर्गांत आणि व्हिडिओंत सर्रास दिला जातो. तो अपुरा आहे आणि जुन्या वास्तूंच्या चित्रांसाठी घातकही आहे, म्हणून हे सविस्तर पत्र.

रेघा वाकणे आणि कोपरे काळवंडणे, म्हणजे डिस्टॉर्शन आणि व्हिग्नेटिंग, हे दोन्ही दोष लेन्सच्या अक्षापासून, म्हणजे मूळ चित्राच्या मध्यापासून मोजले जातात. मध्यावर दोष शून्य, जसजसे बाहेर जाल तसतसा वाढत जाणारा. तोही सरळ हिशेबाने वाढत नाही. ६००० बाय ४००० पिक्सेलचे, २४ मेगापिक्सेलचे चित्र घ्या. मध्यापासून उजवी कड ३००० पिक्सेलवर आहे. तिथे १ टक्का डिस्टॉर्शन असेल तर बिंदू आपल्या जागेवरून ३० पिक्सेल सरकतो. निम्म्या अंतरावर तो १५ पिक्सेल सरकेल असे वाटते, पण साध्या पिंपासारख्या फुगवट्यात सरकणे अंतराच्या घनाप्रमाणे वाढते, त्यामुळे तिथे ते जेमतेम ४ पिक्सेल भरते. सॉफ्टवेअर हाच हिशेब उलटा करते आणि त्यासाठी त्याला मध्य कुठे आहे हे ठाऊक असावे लागते.

आता याच चित्राचा डावा तिसरा हिस्सा, २००० पिक्सेल, कोणी आधी कापून टाकला असे समजा. उरलेल्या चित्राचा मध्य लेन्सच्या मध्यापेक्षा १००० पिक्सेल उजवीकडे गेला. सॉफ्टवेअर या खोट्या मध्याभोवती दुरुस्ती करते. मग एका बाजूचा फुगवटा तसाच राहतो आणि दुसऱ्या बाजूची सरळ रेघ उलटी वाकते. कोपरे उजळतानाही हेच होते, दोन कोपरे काळे राहतात आणि दोन पांढुरके पडतात. असे चित्र नंतर कितीही घासले तरी सुधारत नाही. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी लेन्सचे दोष, मग उभ्या रेघांचा कल आणि तिरकेपणा, मग क्रॉप (कापणे), शेवटी शार्पनिंग (रेखीवपणा वाढवणे).

लाइटरूम, कॅमेरा रॉ, डार्कटेबल, रॉथेरपी या फोटो-दुरुस्तीच्या प्रोग्रॅममध्ये रॉ फाइलवर, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न करता साठवलेल्या मूळ नोंदीवर, काम करताना हा क्रम आतल्या आत पाळला जातो. तुम्ही आधी क्रॉप केला तरी दुरुस्ती पूर्ण चौकटीवरच होते. अडचण येते ती क्रॉप करून सेव्ह केलेल्या जेपेगवर, फोनमध्ये कापून पुढे पाठवलेल्या चित्रांवर आणि गिंप किंवा फोटोशॉपमध्ये आधीच कापलेल्या फाइलवर. लाइटरूममध्येही एक फसगत होते. 'इफेक्ट्स' या विभागात 'पोस्ट-क्रॉप व्हिग्नेटिंग' नावाचा स्लायडर आहे. तो शोभेसाठी आहे आणि कापलेल्या चौकटीच्या मध्याभोवती चालतो. लेन्सचे कोपरे उजळायला अनेक जण तोच अधिककडे ओढतात. खरा स्लायडर 'लेन्स करेक्शन्स' विभागात, 'मॅन्युअल'खाली आहे.

रेघ का वाकते, हे एकदा समजले की कुठल्या लेन्सकडून काय अपेक्षा करायची ते कळते. लेन्समधले अ‍ॅपर्चरचे छिद्र भिंगाच्या पुढे असेल तर चित्र पिंपासारखे फुगते, मागे असेल तर उशीसारखे आत दबते. छिद्राच्या दोन्ही बाजूंना सारखी भिंगे ठेवली तर दोन्ही दोष एकमेकांना खातात. १८६६ साली आलेली 'रॅपिड रेक्टिलिनियर' ही लेन्स याच सममितीवर उभी होती, रेघा सरळ ठेवते म्हणूनच तिला ते नाव मिळाले. पुढे एसएलआर कॅमेऱ्यात आरसा आला, त्याला हलायला जागा हवी म्हणून वाइड अँगल लेन्सची रचना एकांगी करावी लागली आणि फुगवटा परत आला. कॅमेऱ्यासोबत किट म्हणून मिळणारी १८-५५ मिलिमीटरची झूम १८ वर स्पष्ट फुगते, मधल्या कुठल्या तरी फोकल लेंग्थवर (झूमच्या आकड्यावर) जवळजवळ निर्दोष होते आणि पुढे किंचित दबते. त्यामुळे एका फोकल लेंग्थवरचा आकडा दुसरीवर चालत नाही. काही वाइड लेन्समध्ये दोष मिशीच्या आकाराचा असतो, मध्ये फुगवटा आणि टोकांकडे उलट वळण. त्यावर एक स्लायडर कधीच पुरत नाही. मध्य सरळ केला की टोके उचलली जातात. तिथे त्या लेन्सचे मोजलेले प्रोफाइलच, म्हणजे तिच्या दोषांच्या आकड्यांची तयार फाइल, लागते.

आता माझा मुख्य आग्रह. जुन्या वास्तूच्या चित्रात डोळ्यांनी रेघ सरळ करू नका. शंभर-दीडशे वर्षांच्या वाड्याची तुळई खरोखर झुकलेली असते, ओसरीचा पाट मध्ये खचलेला असतो, कौलांची वळचण लाटेसारखी असते. छायाचित्र हीच त्या झुकण्याची नोंद असते. स्लायडर ओढून कोणी तुळई सरळ केली तर लेन्सचा दोष गेलाच असे नाही, पण इमारतीचा खरा दोष मात्र पुसला गेला. उद्या दुरुस्तीसाठी कोणी हे चित्र पाहील तेव्हा त्याला तुळई धडधाकट दिसेल. म्हणून दुरुस्ती लेन्सच्या मोजलेल्या प्रोफाइलने करावी. ते नसेल तर सरळ असल्याची खात्री असलेल्या वस्तूवरून आकडा काढावा आणि तोच आकडा वाड्याच्या चित्राला लावावा.

अशी वस्तू शोधायला लांब जावे लागत नाही. गवंड्याची लाइनदोरी दोन खिळ्यांत ताणून बांधली की काम होते. नव्या इमारतीच्या गच्चीचा कठडा चालतो. कोकण किनाऱ्यावर असाल तर समुद्राचे क्षितिज सर्वांत उत्तम. पण क्षितिज चौकटीच्या मधोमध ठेवू नका. मध्यातून जाणारी रेघ कितीही वाईट लेन्समध्ये सरळच दिसते, कारण तिच्यावरचे बिंदू तिच्याच दिशेने सरकतात. क्षितिज वरच्या कडेपासून चौकटीच्या उंचीच्या दहाव्या हिस्स्यावर ठेवा, कॅमेरा तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर), अ‍ॅपर्चर एफ/८, आणि वाड्याच्या चित्राला वापरली तीच फोकल लेंग्थ. अगदी जवळ फोकस केल्यावर डिस्टॉर्शन बदलते, म्हणून दोरी पाच-सात फुटांवर बांधून तिचा आकडा दूरच्या तटाला लावू नका. ह्यूगिन या मोफत प्रोग्रॅममध्ये रेघेवर बिंदू ठेवून लेन्सचे गुणांक काढता येतात. तिथे ए, बी, सी असे तीन गुणांक मिळतात. सुरुवातीला फक्त बी मोकळा ठेवावा. तिन्ही एकदम मोकळे सोडले आणि बिंदू थोडे असले तर गणित बिंदूंच्या चुकांनाच चिकटते. मिशीसारखा दोष असेल तरच बाकीचे दोन घ्यावेत आणि मग बिंदूही भरपूर द्यावेत, वेगवेगळ्या अंतरांवरच्या चार-पाच रेघांवर.

ज्यांच्या लेन्सचे प्रोफाइल तयार आहे त्यांचे काम सोपे. लाइटरूममध्ये 'एनेबल प्रोफाइल करेक्शन्स'वर खूण करा आणि खाली लेन्सचे नाव नीट वाचा. एकाच १८-५५ च्या तीन-चार पिढ्या बाजारात आहेत, प्रत्येकीचे काच-काम वेगळे. दुसऱ्या कंपनीच्या लेन्स कधीकधी कॅमेऱ्याला भलत्याच नावाने ओळख देतात. नाव चुकले तर दुरुस्तीही चुकली. खाली डिस्टॉर्शन आणि व्हिग्नेटिंग असे दोन स्लायडर १०० वर असतात. १०० म्हणजे प्रोफाइल सांगते तेवढी पूर्ण दुरुस्ती, ० म्हणजे काहीच नाही, २०० म्हणजे दुप्पट. वास्तूच्या नोंदीसाठी डिस्टॉर्शन १०० वरच ठेवा. व्हिग्नेटिंग ७० ते ८० वर आणले तर कोपऱ्यांतला खरखरीतपणा कमी राहतो आणि डोळ्याला फरक फारसा जाणवत नाही.

बहुसंख्य चुका होतात त्या मात्र दुहेरी दुरुस्तीने. मिररलेस कॅमेरे आणि छोटे डिजिटल कॅमेरे जेपेग बनवतानाच डिस्टॉर्शन काढून टाकतात. कॅननमध्ये 'लेन्स अ‍ॅबरेशन करेक्शन', निकॉनमध्ये 'ऑटो डिस्टॉर्शन कंट्रोल' आणि 'व्हिग्नेट कंट्रोल', सोनीमध्ये 'लेन्स कॉम्पेन्सेशन' या नावांनी ही सोय मेनूत असते. अशा जेपेगवर फोटोशॉपमध्ये पुन्हा प्रोफाइल लावले की पिंपाची उशी होते आणि कोपरे पांढुरके पडतात. आपल्याकडे छापून आलेल्या आत वाकलेल्या दीपमाळांचे बहुतेक वेळा हेच कारण असावे. मायक्रो फोर थर्ड्ससारख्या कॅमेरा-लेन्स पद्धतीत लेन्सचे दुरुस्तीचे आकडे रॉ फाइलमध्येच लिहिलेले असतात आणि लाइटरूम ते न विचारता लावते. 'बिल्ट-इन लेन्स प्रोफाइल' लागू झाल्याची ओळ दिसली तर वर आणखी काही करू नये. फोनचेही तसेच. त्याच्या चित्रावर लेन्सचे संस्कार आधीच झालेले असतात, त्यामुळे फोनच्या जेपेगला हात लावायचा तो फक्त उभ्या रेघांच्या कलासाठी.

पैसे न खर्चता काम करणाऱ्यांसाठी लेन्सफन हा मुक्त संग्रह आहे. डार्कटेबल, रॉथेरपी आणि डिजिकॅम तो वापरतात. त्यात डिस्टॉर्शनसाठी फोकल लेंग्थ पुरते, व्हिग्नेटिंगसाठी अ‍ॅपर्चर आणि अंतरही लागते. ही माहिती चित्राच्या एक्झिफमध्ये, म्हणजे फाइलसोबत साठवलेल्या नोंदींत, असते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातून ती गळून जाते आणि चित्र लहानही होते, मग सॉफ्टवेअर आंधळे. जुन्या हाताने फिरवायच्या लेन्स अ‍ॅडॉप्टरवर लावल्या तर कॅमेऱ्यालाच काही कळत नाही, अशा वेळी फोकल लेंग्थ आणि अ‍ॅपर्चर वहीत टिपून ठेवावे. गिंपमध्ये 'फिल्टर्स', 'डिस्टॉर्ट्स', 'लेन्स डिस्टॉर्शन' या वाटेने गेले की 'मेन', 'एज', 'झूम' आणि 'ब्रायटन' असे स्लायडर मिळतात. 'मेन' सगळ्या चित्रावर चालतो, 'एज' मुख्यतः कडांवर. मिशीचा दोष असेल तर दोन्ही विरुद्ध दिशांना थोडे थोडे सरकवून पाहावे. अनेकांची तक्रार असते की 'ब्रायटन' चालतच नाही. 'मेन' आणि 'एज' दोन्ही शून्य असतील तर त्याचा परिणाम दिसत नाही, त्याची रचनाच तशी आहे.

कोपरे काळवंडण्याची कारणे वेगळी आहेत आणि उपायही. भिंग निर्दोष असले तरी तिरपा येणारा प्रकाश कमी पडतो. गणिताने तो कोनाच्या कोज्येच्या चौथ्या घाताने घटतो. फुल फ्रेमवर (३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरवर) ५० मिलिमीटरच्या लेन्सला कोपऱ्यात यामुळे सुमारे अर्धा स्टॉप तूट येते (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), २४ ला सुमारे १.७ स्टॉप. एसएलआरच्या वाइड लेन्सची रचना ही तूट काहीशी भरून काढते, पण सगळी नाही. ही तूट अ‍ॅपर्चर लहान करून जात नाही. दुसरे कारण म्हणजे पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर लेन्सच्या नळीच्या कडा तिरपा प्रकाश अडवतात. हे मात्र दोन स्टॉप बंद केल्यावर जवळजवळ जाते, एफ/१.८ ची लेन्स एफ/४ वर आणा आणि आकाशाचे दोन फोटो शेजारी ठेवून पाहा. तिसरे कारण आपल्याच हातचे: एकावर एक चढवलेले फिल्टर, चुकीचे किंवा तिरके बसलेले हूड. याची सावली काठ असलेली असते आणि अ‍ॅपर्चर बंद केल्यावर जाण्याऐवजी अधिक ठळक होते. अशा सावलीत प्रकाश पोहोचलेलाच नसतो. स्लायडरने ती उजळली तर राखाडी डाग मिळतो. ती कापावी, किंवा फिल्टर काढून पुन्हा फोटो घ्यावा. पोलरायझर (आकाश गडद करणारा फिल्टर) लावलेल्या वाइड लेन्समध्ये आकाशात जो गडद पट्टा येतो तो व्हिग्नेटिंग नव्हे. तो सूर्याच्या दिशेवर अवलंबून असतो, चौकटीच्या मध्यावर नाही, म्हणून कोणतेही प्रोफाइल त्याला लागू पडत नाही.

कोपरे उजळण्याची किंमतही ओळखून असावे. दोन स्टॉपची तूट म्हणजे कोपऱ्यात मध्याच्या चौथाई प्रकाश. तो भरायला सॉफ्टवेअर तिथल्या आकड्यांना चारने गुणते, चित्रातले दाणेही (नॉइज) त्यासोबत वाढतात. आयएसओ (संवेदनशीलता) ८०० वर घेतलेल्या चित्राचे कोपरे ३२०० वर घेतल्यासारखे दिसतात. शिवाय हा गुणाकार रॉच्या सरळ आकड्यांवर बिनचूक बसतो. जेपेगमध्ये कॅमेऱ्याने उजेडाची वक्ररेषा आधीच लावलेली असते, तिथे तोच गुणाकार कुठे जास्त, कुठे कमी पडतो. ८ बिटच्या (दर रंगाला २५६ पायऱ्यांच्या) चित्रातल्या निरभ्र आकाशात तर कोपऱ्यांभोवती कड्या उमटतात, आणि वर्तमानपत्राच्या कागदावर त्या लपत नाहीत. लाइटरूममध्ये हाताने करायचे झाले तर 'अमाउंट' ठरवण्याआधी 'मिडपॉइंट' बघावा. तो कमी केला की उजेड मध्यापर्यंत पसरतो, वाढवला की कोपऱ्यांपुरता राहतो. उघड्या अ‍ॅपर्चरची तूट आतपर्यंत पसरलेली असते, बंद अ‍ॅपर्चरची टोकाला असते.

मोडी कागदांचे रुमाल उलगडून कॅमेऱ्याने त्यांच्या प्रती घेणारे हौशी अभ्यासक आता गावोगावी आहेत. त्यांच्यासाठी प्रोफाइलपेक्षा चांगली वाट आहे. तिथे लेन्सच्या तुटीत दिव्यांची तूट मिसळलेली असते आणि दिव्यांची तूट मध्याभोवती सारखी नसते. दोन दिवे कागदाशी ४५ अंशांत, अ‍ॅपर्चर एफ/८, फोकस आणि कॅमेऱ्याची उंची पक्की करा. कागद ठेवण्याआधी त्याच जागी स्वच्छ, बिनचकाकीचा पांढरा कागद ठेवून एक फोटो घ्या. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजव्या टोकाला भिडता कामा नये. मग प्रत्येक पानाच्या चित्राला या कोऱ्या चित्राने भागायचे. रॉथेरपीच्या रॉ विभागात आणि लाइटरूम क्लासिकच्या लायब्ररी मेनूत 'फ्लॅट-फील्ड' नावाने हे होते. पांढऱ्या कागदाचा पोत चित्रात उतरू नये म्हणून तो फोटो घेताना कागद किंचित सरकवत राहावा किंवा पुरेसा धूसर करून वापरावा. कॅमेरा, अ‍ॅपर्चर किंवा दिवा तसूभर हलला तर कोरा फोटो नव्याने घ्यावा. या कामाला ६० किंवा १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स वापरली तर डिस्टॉर्शन इतके थोडे असते की अक्षरे मापात राहतात.

दोन ठिकाणी डिस्टॉर्शन काढू नये, हेही सांगायला हवे. एक, वाइड लेन्सने घेतलेला लग्नातला किंवा शाळेचा सामुदायिक फोटो. रेघा सरळ करण्यासाठी सॉफ्टवेअर कडा बाहेर ताणते. भिंत सरळ होते, पण टोकाला उभ्या असलेल्या आत्याबाई आणि काका आडवे रुंदावतात, चेहरे अंडाकृती होतात. अशा फोटोत थोडा फुगवटा राहू द्यावा, डिस्टॉर्शनचा स्लायडर ३० ते ५० वर आणावा. खरा उपाय म्हणजे चार पावले मागे जाऊन ३५ किंवा ५० मिलिमीटरवर फोटो घेणे. दुसरे, किल्ल्याची किंवा मूर्तीची त्रिमितीय प्रतिकृती करण्यासाठी घेतलेले शेकडो फोटो. मेटाशेप, कोलमॅपसारखे प्रोग्रॅम लेन्सचा दोष त्या फोटोंवरूनच मोजतात. त्यांना आधी सरळ केलेली, कापलेली किंवा आकार बदललेली चित्रे दिली तर मोजणी बिघडते. झूम एका जागी पक्की करावी आणि चित्रे भूमितीला हात न लावता द्यावीत.

मान वर करून टिपलेल्या देवळाच्या कळसाकडे उभ्या रेघा झुकतात, त्याला पुष्कळ जण डिस्टॉर्शन म्हणतात. त्या रेघा झुकलेल्या असतात, वाकलेल्या नसतात. तो कॅमेरा वर उचलल्याचा परिणाम आहे. त्याची दुरुस्ती 'ट्रान्सफॉर्म' किंवा 'पर्स्पेक्टिव्ह'मध्ये आणि लेन्सच्या दुरुस्तीनंतरच होते, कारण वाकलेल्या रेघेला उभे करू गेले तर ती वाकलेलीच उभी राहते. फोटोशॉपमध्ये ही सगळी कामे वेगवेगळी करून दरवेळी 'ओके' म्हटले तर प्रत्येक वेळी पिक्सेल नव्याने मांडले जातात आणि कोपरे मऊ होत जातात. चित्र आधी स्मार्ट ऑब्जेक्ट करून घ्यावे, म्हणजे मूळ पिक्सेल शाबूत राहतात. आणि फोटो घेतानाच चौकटीत चहूबाजूंनी वीसाव्या हिस्स्याइतकी मोकळी जागा सोडावी, कारण दुरुस्तीत कडा जातात. कळसाचे टोक कडेला टेकवून घेतलेला फोटो नंतर सरळ करता येतो, पण कळस शाबूत राहत नाही.

पुरवणीसाठी चित्रे मागवताना आपण तीन गोष्टी छापाव्यात अशी विनंती आहे: चित्र न कापता पाठवावे, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे तर फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून, आणि कॅमेऱ्यातली दुरुस्ती चालू होती की बंद, ते एका ओळीत लिहावे. मांडणीसाठी चित्र कापायचे काम आपल्या टेबलावर, दुरुस्तीनंतर व्हावे. ज्यांच्याकडे रॉ फाइल आहे त्यांनी दुरुस्त प्रत पाठवली तरी मूळ फाइल खोडू नये. प्रोफाइल सुधारतात, नव्याने मोजली जातात, आणि आज चुकलेली तुळई उद्या त्याच फाइलवरून नीट वाचता येते.

आपला,
पुरवणीचा एक वाचक